छातीत मशीन बसवल्यावरचं पहिलं वर्ष : बायकांसाठी, पायरीपायरीने

डिस्चार्जच्या दिवशी माझ्या हातात एक फाईल, गोळ्यांची पिशवी आणि एटीएम कार्डाएवढं ओळखपत्र पडलं. हात किती वर करायचा, टाके कधीपर्यंत कोरडे ठेवायचे, गोळ्या कधी घ्यायच्या, हे सिस्टरने दोनदा समजावलं. त्या रात्री भांडुपच्या घरी डाव्या कुशीवर वळताना गळ्याजवळच्या हाडाखाली काहीतरी टणक रुतलं आणि मी दचकून उठून बसले. हे आता कायमचं, या विचाराने पहाटेपर्यंत रडत होते. त्याबद्दल फाईलमध्ये एक ओळही नव्हती.

याला सहा वर्षं झाली. तेव्हा मी एकोणचाळीसची होते. हृदयाचा स्नायू दुबळा झालेला, पंपिंग ३५ टक्क्यांच्या खाली गेलेलं, दोनदा चक्कर येऊन पडलेली. मला आयसीडी, म्हणजे ठोके जीवघेणे बिघडले तर शॉक देणारं मशीन, बसवलं. स्वतःच्या चुकांतून आणि ओपीडीच्या बाकावर भेटलेल्या बायकांकडून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. औषधं आणि मशीनचं सेटिंग यांत तुमच्या डॉक्टरांचाच शब्द शेवटचा. मी लिहिते आहे ते मनाबद्दल. मला फार उशिरा उमगलं की मशीनने माझी फार थोडी कामं बंद केली होती. बाकीची मीच भीतीपोटी एकेक करून टाळत गेले होते.

पायरी १ : आपल्या छातीत काय आहे ते नावानिशी विचारून घ्या

घरात सगळे 'बॅटरी बसवली' म्हणतात, पण मशीन वेगवेगळी असतात. पेसमेकर ठोके मंद पडले की हृदयाला हलकासा इशारा देतो. तो शॉक देत नाही. त्याचं वजन जेमतेम २५-३० ग्रॅम. आयसीडी थोडी मोठी, साधारण ७०-८० ग्रॅमची. ती पेसमेकरचं काम करू शकतेच, शिवाय ठोके जीवघेण्या वेगाने धावायला लागले तर आधी जलद इशारे देऊन त्यांना वळणावर आणायचा प्रयत्न करते. हे बहुतेकदा आपल्याला जाणवतही नाही. त्याने भागलं नाही, किंवा ठोके फारच बेभान असले, तर शॉक देते. सीआरटी नावाचं तिसरं मशीन हृदयाच्या दोन्ही बाजूंना एकत्र आकुंचन पावायला लावतं, आणि त्यात शॉकची सोय असतेच असं नाही. मला भेटलेल्या एका ताईंनी साध्या पेसमेकरवर चार महिने 'आता शॉक बसेल' या धास्तीत काढले. त्यांना कोणी फरकच सांगितला नव्हता.

म्हणून पहिल्या चेकिंगला चार प्रश्न विचारा : माझं मशीन कोणतं? ते शॉक देतं का? किती वेगाला देतं? माझ्या हृदयाला ते का लागलं? उत्तरं मराठीत वहीत लिहून घ्या. 'टेक्निकल आहे, तुम्हाला नाही कळायचं' असं कोणी म्हणालं तर पुन्हा विचारा.

मला एका जुन्या गोष्टीचा फार आधार वाटतो. १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन नावाच्या माणसाला जगातला पहिला पूर्णपणे शरीरात बसणारा पेसमेकर बसवला. त्यांचे ठोके वारंवार थांबत होते, आणि डॉक्टरांच्या व इंजिनिअरच्या मागे लागून लागून हे घडवून आणलं ते त्यांच्या बायकोने. ते पहिलं मशीन काही तासांतच बंद पडलं. तरी लार्सन पुढे २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले, आणि त्या काळात त्यांचे वीसहून जास्त पेसमेकर बदलले गेले. पहिली आयसीडी १९८० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला बसवली, आणि ती जिला बसवली ती एक बाई होती. तिच्यासाठी छाती उघडावी लागली होती आणि मशीन पोटात ठेवलं होतं. मी हे वाचलं तेव्हा तिच्याशी मनातल्या मनात खूप बोलले.

पायरी २ : पहिले सहा आठवडे

लीड, म्हणजे मशीनमधून हृदयात गेलेली वायर, जागेवर घट्ट व्हायला वेळ लागतो. म्हणून साधारण ४ ते ६ आठवडे त्या बाजूचं कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही आणि जड उचलायचं नाही. नेमकी मुदत तुमचे डॉक्टर सांगतील. आता मुंबईतल्या घरात याचा अर्थ काय होतो ते बघा. पहाटेचं पाणी भरायचं नाही. छताच्या दांडीवर कपडे वाळत घालायचे नाहीत. माळ्यावरचे, वरच्या फळीवरचे डबे काढायचे नाहीत. भरलेला कुकर उचलायचा नाही. वेणी घालायलाही दुसऱ्याचा हात लागतो.

मला सगळ्यात जास्त रडू यायचं ते वेणीपाशी. माझी नववीतली मुलगी मागे बसून केस विंचरायची आणि मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसायचे. आपण घर चालवणाऱ्या, आणि आता घर आपल्याला चालवतंय, ही बोच जखमेहून जास्त दुखते. ही कामं 'मदत' म्हणून मागू नका, वाटून द्या. भिंतीवर कागद लावा : पाणी कोण, कपडे कोण, कुकर कोण. मुदतही लिहा. मग रोज तोंड उघडून मागावं लागत नाही.

याच्या उलट चूकही मी केली. भीतीने हात पोटाशी धरून बसले, तो खांदा आखडला आणि पुढे दोन महिने फिजिओथेरपी करावी लागली. खांद्याच्या खालच्या उंचीत हात हलता ठेवायचाच असतो. जखम लाल झाली, गरम लागली, पाणी किंवा पू आला, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जवळच्या कुणालाही सुई घालून सूज काढू देऊ नका, त्याने जंतू थेट मशीनपर्यंत पोचू शकतात.

पायरी ३ : आरसा, ब्लाउज, पदर

पुरुषांच्या शर्टाखाली हे मशीन लपून जातं. आपल्या पदराची जागा आणि मशीनची जागा एकच, डावा खांदा. पदराची पिन, ब्राचा पट्टा, पर्सचा पट्टा, सगळं तिथेच येतं. गाडीत ड्रायव्हरशेजारी बसलं की सीटबेल्टही बरोबर तिथूनच जातो. बेल्ट तरीही लावायचाच, खाली मऊ रुमालाची घडी ठेवायची.

बाकावर भेटलेल्या एका आजींनी मला त्यांचं ब्लाउज आतून दाखवलं. जुन्या सुती लुगड्याचा तळहाताएवढा तुकडा चार पदरी घडी करून डाव्या खांद्याच्या आत शिवला होता. मऊ, घाम शोषणारा, आणि वरून कळतही नाही. मी माझ्या शिंपीणबाईंकडून सगळ्या ब्लाउजांना तसंच करून घेतलं, गळाही बोटभर वर घेतला. रुंद पट्ट्याची ब्रा घ्या. पर्स उजव्या खांद्यावर. पदराला आणि ओढणीला लोहचुंबकाच्या ज्या पिना मिळतात त्या मात्र घरातूनच काढून टाका.

व्रणाकडे बघायला मला तीन आठवडे लागले. आधी अंघोळीच्या वेळी नुसता हात ठेवायचे, मग आरशात अर्धा मिनिट, मग पूर्ण. घाई करू नका, पण टाळूही नका. स्तनांची तपासणी करणंही सोडू नका. मॅमोग्राफी करता येते, फक्त तंत्रज्ञ बाईंना आधी सांगायचं.

ज्या मुलींचं लग्न व्हायचंय त्यांच्या आया मला हमखास विचारतात, 'स्थळाला सांगायचं का?' माझं मत स्पष्ट आहे : सांगायचं, आणि साखरपुड्याच्या आधी. व्रण लपवून संसार सुरू केला तर ती मुलगी रोज आतल्या आत घाबरत जगते. ऐकून जो मागे फिरला तो लग्नानंतरच्या पहिल्या दुखण्यातही मागेच फिरला असता.

पायरी ४ : शॉकचा कागद

आयसीडी असलेल्यांनी ही पायरी सोडू नये. अनेकींना वर्षानुवर्षं एकही शॉक बसत नाही. पण वाट बघण्याची भीतीच जास्त खाते, आणि त्यावर उतारा म्हणजे काय करायचं ते आधी ठरवून ठेवणं.

मला पहिला शॉक आठव्या महिन्यात बसला. संध्याकाळचे सात, मी ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटत होते. दोन मिनिटं छातीत फडफड, डोकं हलकं झालं, आणि मग कोणीतरी छातीच्या आतून लाथ घातल्यासारखं झालं. लाटणं हातातून उडालं, मी खाली बसले. एका क्षणात सगळं संपलंही होतं. तव्यावरची पोळी जळायला लागली होती. मुलीने येऊन गॅस बंद केला आणि फ्रिजवरचा कागद बघून फोन लावला. तो कागद असा होता, तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना दाखवून असाच करा :

एक शॉक बसला आणि लगेच बरं वाटलं तर बसायचं किंवा आडवं व्हायचं, वेळ लिहून ठेवायची, आणि त्याच दिवशी क्लिनिकला फोन करायचा.

एक शॉक बसला, पण छातीत दुखतंय, दम लागलाय, चक्कर येतेय किंवा शुद्ध हरपली, तर १०८ ला फोन.

चोवीस तासांत दोन किंवा जास्त शॉक बसले, तर कितीही बरं वाटलं तरी इमर्जन्सीत जायचं.

बेशुद्ध आहे आणि श्वास नीट नाही, तर १०८ ला फोन करून छाती दाबायला सुरुवात करायची. मशीन आहे म्हणून थांबायचं नाही.

घरच्यांना हेही सांगून ठेवा की शॉक बसताना तुमच्या अंगाला कोणाचा हात असला तर फार तर झिणझिणी जाणवेल, इजा होत नाही. माझ्या सासूबाई आधी मला धरायलाच घाबरत होत्या.

दुसऱ्या दिवशी मशीन तपासलं. शॉक योग्य कारणासाठी बसला होता, त्याने माझा जीव वाचवला होता. सगळे खूश. एक डॉक्टर म्हणाले, 'मशीन उत्तम चाललंय, मग रडता कशाला?' मी तेव्हा काही बोलू शकले नाही. आता सांगते : जीव वाचल्याचा आनंद आणि त्या लाथेची दहशत एकाच वेळी एकाच बाईत असू शकते.

पुढे महिनाभराने रात्री झोपेतून मी तशाच झटक्याने उठले. तपासलं तर मशीनमध्ये शॉकची नोंदच नव्हती. मला वाटलं, माझं डोकं फिरलं. टेक्निशियनने शांतपणे सांगितलं की असं होतं, मनाला आणि शरीराला आधीचा शॉक आठवतो. तुम्हाला असं झालं तर लपवू नका, तपासून घ्या. नोंद नाही हे डोळ्यांनी बघितलं की अर्धी भीती तिथेच उतरते.

पायरी ५ : सोडलेली कामं एकेक करून परत घ्या

शॉकनंतर मी ओट्याशी जायचं सोडलं. मग संध्याकाळी एकटी राहायचं सोडलं. मग जिना, मग लोकल, मग देवळाची रांग. प्रत्येक वेळी कारण पटण्यासारखं होतं. तीन महिन्यांत मी एका खोलीपुरती उरले. शॉक पोळ्यांमुळे बसला नव्हता, पण मनाने जागा, वेळ आणि काम यांची गाठ बांधून टाकली होती. ही गाठ समजावून सुटत नाही, तिथे परत जाऊन सुटते.

आधी डॉक्टरांकडून लेखी घ्या की कोणती कामं करायला तुम्हाला परवानगी आहे. ही यादी बहुधा तुमच्या कल्पनेपेक्षा लांब निघते. मग त्यातल्या टाळलेल्या कामांना भीतीचे मार्क द्या, शून्य ते दहा. तीन मार्कांच्या कामापासून सुरुवात करा. मी पहिला आठवडा संध्याकाळी सात वाजता ओट्याशी नुसती चहाचा कप घेऊन पाच मिनिटं उभी राहिले. गॅस बंद. छातीत धडधडलं, मी निघून गेले नाही, धडधड आपोआप खाली आली. दुसऱ्या आठवड्यात चहा केला. तिसऱ्यात दोन पोळ्या. भीती वाटतेय म्हणून काम मध्येच सोडू नका, ती उतरू लागेपर्यंत थांबा. खरंच चक्कर आली, दम लागला किंवा छातीत दुखलं, तर मात्र लगेच बसा आणि कागदाप्रमाणे करा.

लोकलला मी नऊ मार्क दिले होते. माझं ऑफिस फोर्टला. म्हणून आधी रविवारी दुपारी भांडुप ते मुलुंड, दोनच स्टेशनं, बहिणीला बरोबर घेऊन. मग घाटकोपर, मग दादर. मग एकटी, दुपारची. शेवटी सकाळची सीएसएमटी स्लो. लेडीज डब्यात शिरताना डावा खांदा गर्दीकडे येऊ देत नाही, पर्स पुढे उजव्या बाजूला धरते, दांडीला उजव्या हाताने धरते. गर्दी अंगावर आली की सरळ सांगते, 'ताई, इकडे ऑपरेशन झालंय, जरा सांभाळून.' एवढ्या वर्षांत एकाही बाईने कुरकुर केली नाही. उलट कितीदा उठून बसायला जागा दिली.

गाडी किंवा स्कूटर चालवण्याबाबत मात्र स्वतःच्या धाडसावर जाऊ नका. शॉक बसला असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर काही महिने चालवायची नसते. मुदत डॉक्टरांकडूनच घ्या.

पायरी ६ : घरातली माणसं

काही घरांत बाईला काचेचं भांडं करून ठेवतात, काही घरांत टाके सुकले की 'झालं ना आता बरं?' म्हणून सगळं पुन्हा अंगावर टाकतात. माझ्याकडे दोन्ही झालं, आलटून पालटून. त्यावर मला उपयोगी पडलं ते असं : एका चेकिंगला नवऱ्याला, दुसऱ्याला सासूबाईंना बरोबर नेलं. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं घरात चालतं, आपण सांगितलेलं 'हिचं काहीतरी' होतं.

नवरा-बायकोच्या जवळिकीबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून लिहिते. जखम भरल्यावर, दोन मजले जिना न थांबता चढता येत असेल, तर सहसा हरकत नसते. त्या वेळी शॉक बसलाच तरी जोडीदाराला इजा होत नाही. आमच्याकडे जवळजवळ वर्षभर हे भीतीनेच माझ्या डाव्या कुशीला झोपायचे नाहीत, आणि मला वाटायचं की त्यांना आता माझी किळस येते. एका वाक्यात सुटणारी गोष्ट होती, पण आम्ही दोघंही गप्प.

मूल हवं असेल तर मशीन हा अडथळा नाही. मूळ आजार अडथळा असू शकतो, आणि हृदयाच्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. म्हणून दिवस राहण्याच्या आधी हृदयाचे डॉक्टर आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना भेटा. आजार घराण्यातून येणारा असेल तर भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करावी लागते. त्यावरून 'माझ्यामुळे' असा दोष स्वतःला लावून घेऊ नका.

पायरी ७ : विजेची भीती, थोडक्यात

मिक्सर, फ्रिज, टीव्ही, मायक्रोवेव्ह, इस्त्री, सगळं चालतं, फक्त वस्तू सुस्थितीत हवी आणि घराचं अर्थिंग नीट हवं. गिझरला झिणझिण्या येत असतील तर पावसाळ्याआधी वायरमनला बोलवा. इंडक्शन शेगडीपासून छाती दोन फूट लांब ठेवा, मी तर गॅसच वापरते. मोबाईल आणि इअरबड्सची डबी छातीपासून १५ सेंटीमीटर लांब, म्हणजे ब्लाउजमध्ये मोबाईल खोचायची सवय गेलीच.

मेट्रो स्टेशनवर आणि मॉलमध्ये कमानीतून नेहमीच्या चालीने जा, रेंगाळू नका. हातातलं यंत्र मशीनवर धरून ठेवू देऊ नका, कार्ड दाखवा. एकदा एका मॉलमध्ये रखवालदारीणबाईंनी सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात 'छातीत काय आहे?' विचारलं आणि मी शरमेने परत फिरले. आता कार्ड आधीच हातात धरून पुढे जाते. गणपतीत ढोल-ताशाच्या आवाजाने मशीन बिघडत नाही. मोठ्या स्पीकरला टेकून मात्र उभं राहू नका, आत लोहचुंबक असतो. लाँग क्यूटी हा ठोक्यांची लय बिघडवणारा आजार असलेल्यांनी अचानक होणाऱ्या मोठ्या आवाजांपासूनही लांब राहावं. एमआरआय सांगितला तर आधी कार्ड दाखवा, आणि उपासाच्या दिवशी हृदयाच्या गोळ्या बंद करू नका.

पायरी ८ : मनासाठी वेगळी मदत

दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, घराबाहेर पडवत नसेल, शॉकची दृश्यं दिवसा डोळ्यांपुढे येत असतील, तर 'होईल कमी' म्हणत बसू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं. परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचं नायर, या पालिकेच्या तिन्ही रुग्णालयांत हृदयविभागही आहे आणि मानसोपचार विभागही. जीव द्यावासा वाटत असेल तर ओपीडीच्या दिवसाची वाट न बघता त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि इमर्जन्सीत जा.

मानसोपचाराच्या डॉक्टरांना मशीनबद्दल आणि चालू गोळ्यांबद्दल आधी सांगा, कारण मनाच्या काही गोळ्यांचा ठोक्यांवर परिणाम होतो. पैशांची काळजीही मन पोखरते. पुढे मशीन बदलायचं कसं, या विचाराने झोप जात असेल तर रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जाऊन बसा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं काम होतं का, कोणते ट्रस्ट मदत करतात, अर्ज कसा करायचा, हे तिथे सांगतात.

पायरी ९ : चेकिंगचा दिवस

आयसीडीचं चेकिंग साधारण तीन ते सहा महिन्यांनी होतं. छातीवर एक चकती ठेवतात, टेक्निशियन स्क्रीनवर बघतात, मध्येच काही क्षण ठोके मुद्दाम जलद करून बघतात. पहिल्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं म्हणून मी ओरडले होते. आता 'करण्याआधी सांगा' एवढं म्हणते, आणि ते सांगतात. बॅटरी अचानक संपत नाही, बदलायची वेळ आली की मशीन काही महिने आधी कळवतं.

एक जड विषयही त्याच वहीत लिहून ठेवा. फार म्हातारपणी किंवा असाध्य आजारात शॉकची सोय ऑपरेशनशिवाय बंद करता येते. आणि माणूस गेल्यावर दहनाआधी मशीन काढावं लागतं, नाहीतर बॅटरीचा स्फोट होतो. मी हे मुलीला ती अठरा वर्षांची झाली तेव्हा सांगितलं. तिने ऐकलं, वहीत तारीख घातली आणि मग माझी वेणी घालायला बसली, हात वर जात असूनही.

पुढच्या मंगळवारी माझं चेकिंग आहे. वहीत तीन प्रश्न आहेत : बॅटरी किती उरली, गेल्या महिन्यात रात्री धडधड झाली तिची नोंद आहे का, आणि दिवाळीत बहिणीबरोबर सिंहगड चढला तर चालेल का.